‘रिसेप्शनला गेलं की मूल मोजायचं नाही’: या सल्ल्यातली गफलत

इंग्लंडमधल्या मराठी पालकांत चाइल्डमाइंडर (स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं पैसे घेऊन सांभाळणारी, नोंदणी झालेली व्यक्ती) शोधायची वेळ आली की एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो. शब्द थोडेफार बदलतात, मतलब हाच: ‘मूल रिसेप्शनला लागलं की ते गणतीतून सुटलं. लहान मुलं तीन, शाळेची कितीही. चाइल्डमाइंडरची स्वतःची मुलं धरत नाहीत. आणि सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास एखादं जास्त झालं तर ऑफस्टेड काही म्हणत नाही.’

(रिसेप्शन म्हणजे तिथल्या प्राथमिक शाळेचा पहिला वर्ग, ऑफस्टेड म्हणजे शाळा आणि मुलं सांभाळणाऱ्यांची तपासणी करणारी सरकारी संस्था.) चार वाक्यं आहेत आणि चारही चुकीची. पहिलं निम्मं खरं आहे, म्हणून तेच सगळ्यात जास्त घोळ घालतं.

आधी मूळ नियम. इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडरला ‘ईवायएफएस’ची, म्हणजे लहान मुलांच्या संगोपन-शिक्षणाच्या सरकारी नियमांची, चौकट पाळावी लागते, जानेवारी २०२४ पासून त्यांच्यासाठी तिची वेगळी प्रत आहे. एका वेळी आठ वर्षांखालची जास्तीत जास्त सहा मुलं. त्या सहांत ‘लहान मुलं’ जास्तीत जास्त तीन. आणि एक वर्षाखालचं एकच. म्हणजे इथे तीन वेगवेगळ्या गणत्या एकात एक बसवलेल्या आहेत. कुठलंही मूल आलं की विचारायचं, हे कोणकोणत्या गणतीत मोडतं? सल्ला देणारे एकाच गणतीचा विचार करतात आणि तिथेच फसतात.

‘रिसेप्शनला लागलं की गणतीतून सुटलं’

‘लहान मूल’ कुणाला म्हणायचं हे वयावर ठरतं, शाळेच्या वर्गावर नाही. पाचव्या वाढदिवसानंतर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत मूल लहान. पाच वर्षं पूर्ण झाली की त्याच दिवशी सुटका, असं नाही.

दोन मुलं घ्या. एकाचा जन्म ३० ऑगस्ट २०२० चा, दुसऱ्याचा ३ सप्टेंबर २०२० चा. पहिलं ऑगस्ट २०२५ मध्ये पाचाचं झालं आणि दोनच दिवसांत, १ सप्टेंबरला, लहानांच्या गणतीतून बाहेर पडलं. दुसरं ३ सप्टेंबर २०२५ ला पाचाचं झालं, पण ते ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंत ‘लहान’च राहणार, म्हणजे सहावं वर्ष पुरं व्हायला तीन दिवस उरेपर्यंत. वयात फरक चार दिवसांचा, गणतीत वर्षभराचा. त्यातून पहिल्याच्या आईवडिलांनी उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलांसाठी असलेली मुभा मागून, आणि ती मिळून, शाळाप्रवेश वर्षभर पुढे ढकलला असेल, तर ही दोघं सप्टेंबर २०२५ मध्ये एकाच रिसेप्शन वर्गात शेजारीशेजारी बसतील. एक लहान, एक नाही. तेव्हा ‘रिसेप्शनमध्ये आहे’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. जन्मतारीख विचारावी लागते.

मग निम्मं खरं ते काय? चौकटीत एक सवलत आहे. चार आणि पाच वर्षांचं मूल *फक्त* शाळेच्या नेहमीच्या दिवसाआधी, नंतर किंवा शाळेच्या सुट्टीत येत असेल, तर त्याला इतर तीन लहान मुलांबरोबर सांभाळता येतं. म्हणजे लहानांच्या तिनात ते धरायचं नाही. पण सहांतली जागा ते अडवतंच. सल्ल्यातून नेमकं हे दुसरं वाक्य गळालेलं असतं.

आणि ‘फक्त’ या शब्दावर बरंच काही अवलंबून आहे. चार वर्षांची मुलगी सकाळी शाळेच्या नर्सरीत तीन तास जाते आणि दुपारी बारापासून चाइल्डमाइंडरकडे असते. ती शाळेच्या वेळेतही तिच्याकडे आहे, तेव्हा सवलत नाही, ती तिनातलीच. तीन वर्षांचं मूल नर्सरीत कितीही वेळ जात असो, सवलत चार-पाच वर्षांच्यांसाठी आहे, तेव्हा तेही तिनात. शाळेचा गणवेश अंगावर आहे म्हणून वय वाढत नाही.

सप्टेंबरचे पहिले दोन आठवडे तर खास जपायचे. बऱ्याच शाळा रिसेप्शनच्या मुलांना सुरुवातीला अर्धा दिवसच ठेवतात. चाइल्डमाइंडर बाराला मूल आणते आणि घरी आधीच तीन लहान असतात. ‘शाळेनंतर’च आणलं ना, असा युक्तिवाद होतो, पण तो शाळेचा नेहमीचा दिवस नव्हे. आमच्या मते अशा दिवसांत त्या मुलाला सरळ लहान धरावं. त्यामुळे लहान चार होत असतील तर वेगळा अपवाद वापरावा: देखभालीत खंड पडू नये म्हणून, भावंडांसाठी किंवा स्वतःच्या बाळासाठी तिनाच्या वर जाता येतं. अट अशी की प्रत्येक मुलाच्या गरजा भागताहेत हे पालकांना आणि ऑफस्टेडच्या निरीक्षकाला (किंवा नोंदणी एजन्सीमार्फत असेल तर एजन्सीला) दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी एक पान पुरतं: कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कोणती मुलं, त्यांची वयं, चौथं मूल का, बाळाची झोप आणि शाळेची फेरी कशी जमवली, पालकांना कधी सांगितलं. ते पान आधी लिहावं, निरीक्षक दारात आल्यावर नव्हे.

ताप उतरलाय पण शाळेत पाठवलं नाही, म्हणून रिसेप्शनचं मूल मंगळवारी सकाळी दहाला येऊन बसलं, तरी हाच विचार. त्या वेळेपुरता सवलतीचा आधार धरू नये.

‘शाळेची कितीही’

आठ वर्षांखालची असतील तर मुळीच नाही. सहा म्हणजे सहा, आणि वर सांगितलेल्या कुठल्याही अपवादाने हा आकडा वाढत नाही. आठवा वाढदिवस झाला की मात्र मूल सहांतून निघतं. इथे १ सप्टेंबरची भानगड नाही, वाढदिवसाचाच दिवस. आठ वर्षांवरच्यांना ठरीव आकडा नसला तरी त्यांच्यामुळे धाकट्यांची हेळसांड होता कामा नये, ही अट आहेच.

‘स्वतःची मुलं धरत नाहीत’

धरतात. स्वतःची, आणि फॉस्टरिंगमध्ये सांभाळायला घेतलेलीही. फक्त ती आठच्या आतली हवीत.

दुपारी सव्वातीनचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. उंच खुर्चीत दहा महिन्यांचं बाळ, गालिच्यावर दोन वर्षांचा, टेबलाशी खडू घेऊन तीन वर्षांची. लहान तीन झाले, वर्षाखालचं एक झालं. आता शाळेतून येतात: रिसेप्शनमधली चार वर्षांची, सहा वर्षांचा एक, चाइल्डमाइंडरचा स्वतःचा सात वर्षांचा मुलगा आणि शेजारची नऊ वर्षांची. डोकी सात. गणतीत सहा, कारण नऊ वर्षांची बाहेर. चार वर्षांची सवलतीमुळे तिनात नाही, पण सहांत आहे. सगळं नियमात बसलं आणि आता आठ वर्षांखालच्या एकाही मुलाला जागा उरली नाही. चाइल्डमाइंडरने आपल्या मुलाला धरलं नसतं, तर ‘अजून एक जागा आहे’ असं सांगून तिने सातवं मूल घेतलं असतं. चूक बहुधा अशीच होते. लबाडी क्वचितच असते. दारात चप्पल काढून आत येणाऱ्या स्वतःच्या पोराला कुणी रजिस्टरात लिहीत नाही, एवढंच.

याला जोडून एक. वरच्या खोलीत लॅपटॉपवर बसलेला नवरा किंवा पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेली आजी हे ‘दुसरं मोठं माणूस’ होत नाही. गणती वाढवायची तर रीतसर तपासणी झालेला सहायक लागतो. त्याच्यावर मुलं एकट्याने सोपवायची तर पालकांची परवानगी हवी, त्याच्याकडे लहान मुलांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र हवं, आणि तेही दिवसात जास्तीत जास्त दोन तास.

‘अर्धा-पाऊण तास चालतं’

नियमाचे शब्द ‘कोणत्याही एका वेळी’ असे आहेत. सरासरी काढायची सोय नाही. घोटाळा नेहमी सांध्यावर होतो: एक पालक साडेपाचला येणार होता, तो ट्रेनमध्ये अडकला, आणि साडेपाचला सुरू होणारं मूल वेळेवर हजर. म्हणून करारातल्या वेळा एकमेकींना चिकटवू नयेत, पंधरा-वीस मिनिटं मोकळी ठेवावीत. हजेरीत येण्या-जाण्याची खरी वेळ लिहावी, करारातली नव्हे.

गणतीत बसलं म्हणून प्रत्यक्षात जमेलच असंही नाही. साध्या पाच सीटांच्या गाडीत चालक सोडून चारच. बारा वर्षांपर्यंत किंवा १३५ सेंटिमीटर उंचीपर्यंत मुलांना योग्य चाइल्ड सीट लागते, आणि मागे तीन शेजारीशेजारी बसतीलच असं नाही. घरात जागाही मोजलेली: दोन वर्षांखालच्याला ३.५ चौरस मीटर, दोन वर्षांच्याला २.५, तीन ते पाचच्यांना २.३. विम्याच्या कागदावर आणि नोंदणीच्या प्रमाणपत्रावर कमी आकडा असेल तर तोच चालतो.

हा सल्ला आला कुठून

आमचा अंदाज, स्कॉटलंडहून. तिथे चाइल्डमाइंडरकडे सोळा वर्षांखालची आठ मुलं चालतात. त्यांत बाराखालची सहापर्यंत, आणि *अजून प्राथमिक शाळेत न जाणारी* तीनपर्यंत. म्हणजे तिथे शाळेत नाव घातलं की मूल खरोखरच लहानांच्या तिनातून सुटतं. वेल्सची रीत तिसरीच: बारा वर्षांपर्यंतची दहा, त्यांत आठखालची सहा, त्यांत पाचखालची तीन. एडिंबरातल्या मैत्रिणीचं उत्तर तिच्यासाठी बरोबर असतं. ते इंग्लंडमधल्या स्लाउच्या ग्रुपवर आलं की चुकीचं होतं. तेव्हा चाइल्डमाइंडरला फोन कराल तेव्हा ‘शाळेच्या मुलांना जागा आहे का’ एवढंच विचारू नका. मुलाची जन्मतारीख सांगा, कोणत्या वारी किती ते किती हवं ते सांगा, आणि त्या वेळात तिच्याकडे आठखालची किती असतात, तिची स्वतःची धरून, ते विचारा.