‘सध्या काय वाचताय?’ याला नुसतं पुस्तकाचं नाव पुरत नाही

वाचकांच्या ग्रुपवर ‘सध्या काय वाचताय?’ अशी पोस्ट पडली की तासाभरात खाली नावांची रांग लागते. कुणी नुसतं शीर्षक लिहितं, कुणी मुखपृष्ठाचा फोटो टाकतं, कुणी ‘अप्रतिम, आवर्जून वाचा’ एवढंच. लोक आनंदाने सांगत असतात, त्यांच्या हेतूत खोट नाही. पण ती रांग वाचून कुणी पुस्तक घ्यायला निघालं, तर कोणती प्रत घ्यावी, आपल्याला झेपेल का, मिळेल कुठे, यातलं काहीच हाती नसतं. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार प्रतींची, हल्ली कित्येकदा पाचशेचीच. जाहिरात नाही, परीक्षणांना वर्तमानपत्रांत जागा उरली नाही. वाचकाने वाचकाला सांगणं हीच पुस्तकाची मोठी वाट आहे. म्हणून हे सांगणं नेमकं असावं, असं मला फार वाटतं.

सुरुवात श्रेयपानापासून करा. शीर्षकाचं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात सगळं असतं: प्रकाशक, पहिल्या आवृत्तीचं साल, हातातली आवृत्ती किंवा पुनर्मुद्रण, अनुवादक, संपादक, आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक. मुखपृष्ठाबरोबर या पानाचा फोटो टाकला तर निम्मं काम तिथेच होतं. मात्र नाव आणि लेखक टाइपही करा, तेही देवनागरीत. फोटोतलं नाव शोधायला गेलं तर बहुधा सापडत नाही, आणि सहा महिन्यांनी ‘ते कुठलं बरं पुस्तक होतं’ म्हणत कुणी ग्रुपवर आलं की पोस्ट काही केल्या वर येत नाही.

आवृत्तीचा एवढा आग्रह का, ते ‘माझा प्रवास’वरून बघा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवून कर्ज फेडायच्या आशेने उत्तरेत गेले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आतच होते. ही हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली आणि १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ती छापली. पण छापताना वैद्यांनी मजकुरात बरेच फेरफार केले. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. शीर्षक तेच, लेखक तोच, मजकूर मात्र दोन तऱ्हेचा. आता कुणी ‘गोडसे भटजींचं माझा प्रवास वाचा’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हातात कोणतं पडेल? भटजींची स्वतःची भाषा हवी असेल तर शीर्षकाच्या पानावर संपादक कोण आहे ते आधी बघायचं. शिफारस करताना एवढं एक नाव जास्त लिहायला दहा सेकंद लागतात.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचंही तसंच. संपूर्ण आणि संक्षिप्त अशी दोन्ही रूपं वाचकांत फिरतात. संक्षिप्त वाचून ‘आटोपशीर आहे’ असं लिहिणारा आणि संपूर्ण वाचून ‘मोठं आहे पण सुटत नाही’ असं लिहिणारा, दोघेही खरंच बोलत असतात. घोटाळा तिसऱ्याचा होतो.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव गाळू नका. कन्नड कादंबरीकार भैरप्पांचं ‘पर्व’ मराठीत वाचताना आपण जी वाक्यं वाचतो ती उमा कुलकर्णींची असतात. जुन्या परदेशी कादंबऱ्यांचे तर एकाहून जास्त अनुवाद असतात, त्यात कुणी प्रकरणं गाळलेली, कुणी ‘रूपांतर’ म्हणून माणसांची नावंच मराठी केलेली. ‘अनुवाद कंटाळवाणा आहे’ असं कुणी लिहिलं तर आधी ‘कुणाचा?’ असं विचारावं. त्याशिवाय तो शेरा मूळ पुस्तकाला चिकटतो.

मग येतं किती वाचलंय ते. ‘वाचतोय’ आणि ‘वाचून झालं’ या दोन वेगळ्या गोष्टी. तीस पानं झाली असतील तर तसं लिहा. पहिल्या तीस पानांचा उत्साह खरा असतो, पण सहाशे पानांच्या कादंबरीला तो पुरावा म्हणून पुरत नाही. एकूण पानं द्या, आपण कुठे आहोत ते द्या, आणि कुठे अडखळायला होतं तेही द्या. ‘पहिली दोन प्रकरणं नावांची गर्दी आहे, तिसऱ्यापासून मोकळं होतं’ या एका ओळीने कितीतरी पुस्तकं अर्धवट टाकली जाण्यापासून वाचतात.

‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘अंतर्मुख करणारं’ हे शब्द मलपृष्ठांवर इतक्या वेळा छापले गेलेत की ते कुठल्याही पुस्तकाला लागू पडतात. त्यांच्या जागी दिसणारी एक गोष्ट सांगा. मला अपेक्षित असलेली शिफारस साधारण अशी:

“व्यंकटेश माडगूळकर, ‘बनगरवाडी’. कादंबरी, पहिली आवृत्ती १९५५. लहान आहे, दोन-तीन बैठकांत होते. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नवा मास्तर नेमला जातो आणि पहाटे अंधारात चालत निघतो, तिथून सुरू. निवेदन प्रमाण मराठीत, बोलणं माणदेशी. पाच-सात पानांत कान सरावतो. घट्ट कथानक नाही, एकेक माणूस येतो आणि वाडी उभी राहते. वेगवान गोष्ट हवी असेल त्यांनी हे सध्या बाजूला ठेवावं. बऱ्याच वर्षांनी वाचनाकडे वळणाऱ्याला पहिलं पुस्तक म्हणून निःशंक द्यावं.”

एवढंच. शेवट सांगितलेला नाही, विशेषणं जवळजवळ नाहीत, आणि हे पुस्तक कुणी घेऊ नये तेही सांगितलंय. मला तर ‘कुणासाठी नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चुकीच्या वेळी चुकीचं पुस्तक हाती आलं की माणूस त्या लेखकालाच कायमचा सोडतो.

कसं वाचावं हेही सांगता येतं. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ एका दमात वाचायला घेतलं तर वर्णनांवर वर्णनं चढतात आणि मन बधिर होतं. ते महिन्या-महिन्याचं पुस्तक आहे. आषाढात आषाढ काढावा, तेवढाच वाचून बाहेर झाडांकडे बघावं, बाकीचं पुढच्या महिन्यांसाठी ठेवावं. कथासंग्रह असेल तर कुठल्या कथेपासून सुरू करायचं ते लिहा. संपादक नेहमीच सगळ्यात सोपी कथा पहिली लावत नाही. दिवाळी अंकातला लेख सुचवताना अंकाचं नाव, वर्ष आणि लेखाचं शीर्षक तिन्ही हवं, कारण मार्गशीर्ष उजाडला की तो अंक मिळवणं अवघड.

मिळण्याबद्दल. दुकानात नसलं म्हणजे संपलं असं नसतं. आधी प्रकाशकाला फोन करावा, दुकानदाराने परत पाठवलेल्या प्रती गोदामात असतात. ऑनलाइन दुप्पट-तिप्पट किंमत दिसली तर बहुधा विक्रेता जुनी प्रत दुर्मिळ म्हणून विकत असतो. नवं पुनर्मुद्रण निघालंय का ते पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत. त्यानंतर ग्रंथालय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. अशा संस्थांत बाजारातून कधीच गेलेली पुस्तकं अजून मिळतात. काउंटरवर जाताना लेखकाचं आडनाव, पूर्ण शीर्षक आणि साहित्यप्रकार लिहून न्या. ‘ते निळ्या कव्हरचं’ म्हटल्यावर ग्रंथपाल तरी काय शोधणार? परदेशातल्या आणि परप्रांतातल्या मराठी वाचकांसाठी ई-बुक किंवा ऑडिओ आहे का हे आवर्जून लिहा. त्यांना टपालखर्च कधी कधी पुस्तकाहून जास्त पडतो.

आणि ‘पीडीएफ आहे का कुणाकडे?’ याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. पाचशे प्रती छापणाऱ्या प्रकाशकाच्या पुस्तकाचं स्कॅन व्हॉट्सअॅपवर फिरलं की दुसरी आवृत्ती निघायची शक्यता तिथेच मावळते. फुकट आणि रीतसर वाचायचे मार्ग आहेत. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, आणि ती साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत आलेलं लेखन २०११पासून खुलं आहे. अशी बरीच पुस्तकं मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात सापडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. एक सावधगिरी: मूळ लेखक खुला झाला तरी अलीकडच्या अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो, नव्या प्रस्तावनेचा प्रस्तावनाकाराचा. आवडलेल्या परिच्छेदाचा फोटो टाकायला हरकत नसावी, अख्खं प्रकरण टाकू नये.

विचारणाऱ्यांनीही थोडं नेमकं विचारावं. ‘काहीतरी चांगलं सुचवा’ला जी वीस नावं येतात ती दरवर्षी तीच असतात. त्याऐवजी असं लिहा: याआधी आवडलेली दोन पुस्तकं, न आवडलेलं एक आणि का, रोज किती वेळ मिळतो, कागदी हवं की फोनवर. न आवडलेल्या पुस्तकाने सुचवणाऱ्याला जास्त दिशा मिळते. आणि सुचवणाऱ्याने एका कमेंटमध्ये एकच पुस्तक सुचवावं. वीस नावांची यादी लोक सेव्ह करतात आणि विसरतात. एका पुस्तकाबद्दलच्या सहा ओळी वाचून माणूस प्रकाशकाचा नंबर शोधतो.

पुस्तक वाचून झालं की त्याच कमेंटखाली परत येऊन दोन ओळी लिहा: कितव्या पानावर सुटलं, किंवा कुठे पकड बसली. ज्याने सुचवलं त्याला टॅग करा. पुढच्या वेळी त्याला तुमच्यासाठी पुस्तक निवडणं सोपं जाईल.