बांगडा, मीठ आणि लिथियम

मासेमारीबंदीमुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि तांडेलाला सवड होती, म्हणून मालवणच्या आमच्या कट्ट्यावरचा परवाचा वाद दिवेलागणीनंतरही चालला. विषय मास्तरांनी काढला. ऑस्ट्रेलियातील फेलिस जॅका यांच्या गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाबद्दल त्यांनी वाचले होते. नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना आहारतज्ज्ञाने १२ आठवडे भाज्या, कडधान्ये व मासे यांकडे वळवले, उरलेल्यांशी केवळ मैत्रीच्या गप्पा मारल्या गेल्या. अखेरीस पहिल्या गटातील ३२ टक्के, तर दुसऱ्यातील ८ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. मग आपल्या बांगड्यात आणि कुळथाच्या पिठीत काय कमी आहे, गोळ्या हव्यातच कशाला, असा त्यांचा सवाल होता. स्वतः माळकरी असलेल्या माणसाने बांगड्याची वकिली करावी, याची मला गंमत वाटली.

औषधांचे दुकान चालवणाऱ्या भाऊंनी त्यांना तिथेच अडवले. त्या रुग्णांपैकी बहुतेकांचे उपचार आधीपासून चालू होते आणि आहाराची त्यात भर पडली होती. शिवाय आपण कोणत्या गटात आहोत हे रुग्णांना ठाऊक होते, आणि ६७ माणसे म्हणजे लग्नातली एक पंगतसुद्धा नव्हे. युरोपात हजारावर लोकांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ओमेगा-३ (माशांतला एक स्निग्ध घटक), ड जीवनसत्त्व वगैरेंच्या गोळ्या वर्षभर देऊनही नैराश्य टळले नव्हते, हेही त्यांनी ऐकवले. भाऊंचे म्हणणे मला पटले. मात्र गोळीतला ओमेगा आणि ताटातला बांगडा एकच, असे त्यांनी गृहीत धरले, ते पटले नाही.

तोवर गप्प असलेल्या तांडेलाने धाकट्या भावाची हकिकत सांगितली. तो लिथियमवर आहे, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधावर. गेल्या श्रावणात त्याने महिनाभर मीठ सोडले. पंधरवड्यात त्याच्या हातातली कपबशी खडखडू लागली, जाळे सांधायची सुई धरवेना, उलट्या सुरू झाल्या. देवाचे काही चुकले, असे घरचे म्हणत राहिले. रक्तात लिथियम वाढल्याचे तपासणीत निघाले. शरीरात मीठ कमी पडले की मूत्रपिंडे सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतात, हे भाऊंनी समजावले. औषध लिहून देणाऱ्याने उपासाचे विचारले नव्हते आणि घरच्यांना ते सांगण्यासारखे वाटले नव्हते. मला या वादातली खरी गोष्ट हीच वाटली: आहार औषधाच्या जागी बसत नाही, पण औषधाचे काम तो बिघडवू शकतो, आणि तरीही तपासणीच्या खोलीत ताटाची चौकशी क्वचितच होते.

“आणि मन खचले की तो ताटावरच येत नाही,” तांडेल म्हणाला, “पेज तशीच निवते. बारा आठवडे नीट खा म्हणून त्याला कोणी सांगायचे?” यावर मास्तरांकडे उत्तर नव्हते.

भाऊंनी मात्र एक गोष्ट मान्य केली. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी पडले तर उदासी आणि विसराळूपणा येऊ शकतो. ते मासे, मांस, अंडी आणि दूध यांतून मिळते, भाजीपाल्यातून नाही. हे ऐकून मास्तर थोडे थांबले. दूध त्यांना पचत नाही. उठताना त्यांनी भाऊंना बाजूला घेतले आणि ती रक्ताची तपासणी केवढ्याला पडते, ते हळूच विचारले.