उघडतंय की!

अजिंक्यताऱ्यावर पहाटे धुकं बरं मिळतं. काल ते मिळालं, निम्म्याहून जास्त रोल झाला, आणि पिशवीतून दुसरी लेन्स काढावी म्हणून कॅमेरा कठड्यावर ठेवला. तेवढ्यात कानटोपीतले एक काका आले.

कॅमेरा कॅननचा ईओएस ३, १९९८ सालचा. फोकसचे पॉइंट ४५, आणि त्यांतला कुठला धरायचा हे तो चक्क आपल्या बुबुळावरून ओळखतो. आपण कुठे बघतोय हे आजवर फक्त बायकोला कळायचं.

"फोटू दावा की."

"रोलचा आहे, काका. धुतल्याशिवाय दिसत नाही."

"रोल अजून मिळत्यात? केवढ्याला?"

मी निम्मी किंमत सांगितली. घरी सांगतो तीच. तरी काका "आरारारा" म्हणाले आणि कॅमेरा उचलून उलटा केला. "मागं स्क्रीन न्हाय. मग ही कडी कशाची?"

ती कडी मागच्या दाराची. ते उघडून उजेड लागला की फिल्मवरचे फोटो गेले, म्हणून कडी चुकून सरकू नये यासाठी एक बटण दाबून धरावं लागतं. जपानी इंजिनिअरांनी धांदरट माणसाचा विचार केला होता. साताऱ्याच्या गॅरेजवाल्याचा नव्हता.

"काका, नको—"

"उघडतंय की! गॅरेज हाय माझं, घाबरू नगा."

ज्या कोवळ्या उन्हासाठी मी चारला उठलो होतो, ते सगळं एकदम आत गेलं. काकांनी वाकून पाहिलं. "कोरीच हाय की वो." मग दार लावलं. कॅमेऱ्याला वाटलं नवा रोल आला. त्याने फर्रकन फिल्म ओढली आणि काउंटरवर १ दाखवला.

"झाला बगा चालू," काका म्हणाले. जणू माझा बंद होता!

कुणाच्या ट्रॅक्टरला कुणी विचारल्याशिवाय हात लावत नाही. पण हौसेची वस्तू दिसली की ती गावाची. घरात तबला ठेवा, येणारा प्रत्येक पाहुणा थापा मारून जातो, आणि वर "लागलाय का नीट?" विचारतो. चिडलात तर तुम्हीच खडूस.

"आता आमचा एक काढा," काका म्हणाले आणि सज्जनगडाकडे पाठ करून ताठ उभे राहिले. काढला. काय करणार?

गंमत अशी की ऊन लागलं ते गुंडाळून झालेल्या फिल्मला. डबीत उरलेली शाबूत आहे. म्हणजे धुकं गेलं, सूर्योदय गेला, आणि कानटोपी येणार, तीही मिशीच्या केसाकेसावर फोकस असलेली.

व्हॉट्सॅपवर टाका म्हणून नंबर दिलाय त्यांनी. आज सकाळी दोन मिस्ड कॉल होते.