आपल्याकडचे किडे

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पांढरी कापसाळ कीड, आला की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. गणपतीला रोज लाल फूल हवं, म्हणून आई औषध मारण्याच्या बाजूची. शेजारचे काका तर पंप घेऊन कठड्यापलीकडे सज्जच असतात. "एक फवारा, सगळं साफ!" सगळं साफ होतं हे खरंच. मधमाश्या, ढालकिडे, जाळीदार पंखांचे क्रायसोपा किडे, सगळे जातात. पिठ्याची अंडी मात्र मेणचट कापसाखाली सुखरूप. काही दिवसांत तो सहकुटुंब हजर, आणि आता त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं.

माझा पक्ष मित्रकीटकांचा. सासवडच्या मित्रानं सीताफळाच्या बागेतून क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याच्या अळ्या डबीत घालून दिल्या. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. भारतात आणला १८९८ साली, म्हणजे आमच्या सोसायटीच्या सगळ्यात जुन्या सभासदापेक्षाही जुना. पिठ्या फस्त करण्यात याचा हात कोणी धरणार नाही. पण याची अळीही पांढरी, मेणचट. शत्रूचाच गणवेश!

सकाळी आई ओला बोळा घेऊन कुंडीपाशी.

"आई, थांब! त्यातले काही आपले आहेत."

"आपले? कोणाकडचे?"

"मोठे, झिपरे, तुरुतुरु चालतात ते आपले. एका जागी बसून खातात ते परके."

"बसून खाणारे आपल्यातही आहेत," माझ्याकडे बघत ती म्हणाली.

मुंग्यांचं प्रकरण वेगळंच. पिठ्या गोड चिकटा सोडतो, त्या लोभानं मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्याला हुसकावतात. म्हणून कुंडी विटेवर, वीट पाण्याच्या परातीत. लगेच डेंग्यूची तपासणी करणारे दारात : साचलेलं पाणी! आता रोज परात उपसतो.

फारच झालं तर ५ टक्के निंबोळी अर्क. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवायची, गाळायची, किंचित साबण. तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर, अळ्या नसलेल्या फांदीवरच. त्याच्या वासाची तक्रार सेक्रेटरींकडे कोणी केली? ज्यांच्या पंपानं जिन्यातली मांजरं शिंकतात, त्या काकांनी.

परवा सोसायटीनं बोलावलेला पेस्ट कंट्रोलवाला गॅलरीकडे वळला. आईनंच त्याला अडवलं.

"आमच्याकडे त्या कामाला ठेवलेत."

त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं. "महिन्याचं काय देता?"

"काही नाही. जेवूनखाऊन आहेत."