सरकारी आणि सामाजिक संस्थांच्या पानांवर उत्तर कोण देणार?

एखाद्या नगरपरिषदेचे किंवा पंचायत समितीचे फेसबुक पान उघडून गेल्या महिन्याभरातील पोस्ट वाचल्या, तर बैठकांची छायाचित्रे, दीपप्रज्वलन, पुष्पगुच्छ देऊन केलेले स्वागत आणि जयंती-पुण्यतिथीची अभिवादने यांचाच त्यांत भरणा असतो. अशाच एखाद्या पोस्टखाली कोणीतरी विचारलेले असते, ‘साहेब, आमच्या गल्लीत चार दिवस नळाला पाणी नाही, कोणाला भेटायचे?’ त्याखाली आणखी दोघांनी ‘आमच्याकडेही तीच परिस्थिती’ असे लिहिलेले असते. कार्यालयाकडून मात्र एक ओळही नसते. सामाजिक संस्थांसाठी समाजमाध्यमांचे काम करताना माझे असे ठाम मत झाले आहे, की सार्वजनिक संस्थेचे पान कसे चालले आहे हे ठरवायचे असेल, तर पोस्टखाली आलेल्या प्रश्नांचे पुढे काय झाले ते पाहावे. लाइक आणि शेअर यांचा विचार त्यानंतर करावा.

साबण विकणाऱ्या कंपनीला जाहिरात किती जणांनी पाहिली आणि विक्री किती वाढली एवढे कळले की पुरते. तिचा साबण आवडला नाही तर ग्राहक दुसरा घेतो. जन्माचा दाखला, रेशनकार्ड किंवा सातबारा यांसाठी नागरिकाला दुसरे दुकान नसते. म्हणून खासगी बाजारातील प्रसिद्धीचे तंत्र जसेच्या तसे शासकीय कार्यालयात आणणे मला चुकीचे वाटते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने सार्वजनिक प्राधिकरणांवर स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे, आणि ती देताना खर्च, स्थानिक भाषा व त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी, असेही त्यात म्हटले आहे. कायदा झाला तेव्हा ती पद्धत म्हणजे सूचनाफलक, वर्तमानपत्र किंवा दवंडी असेल. आज ती बहुतेक ठिकाणी व्हॉट्सॲप आणि फेसबुक आहे. म्हणजे पान नीट चालवणे हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

या विषयावरील चर्चेत मुंबई पोलिसांचे उदाहरण हमखास निघते. त्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर खाते सुरू केले आणि हेल्मेट, मद्यपान करून गाडी चालवणे, पासवर्डची सुरक्षितता अशा विषयांवरच्या त्यांच्या खुसखुशीत पोस्ट देशभर गाजल्या. त्यानंतर अनेक खात्यांनी ती विनोदी शैली उचलली. परंतु तक्रार आली की तक्रारदाराकडून तपशील मागवायचा आणि ती वाहतूक शाखेकडे किंवा संबंधित पोलीस ठाण्याकडे पाठवायची, ही त्यामागची रोजची मेहनत फार थोड्यांनी उचलली. मुंबई महापालिकेने आपल्या २४ विभागांसाठी ट्विटरवर स्वतंत्र खाती उघडली, तो निर्णय मला गाजलेल्या पोस्टपेक्षाही मोलाचा वाटतो. उघड्या मॅनहोलची तक्रार मुख्यालयात फिरत बसण्यापेक्षा ज्या विभाग कार्यालयाला झाकण बसवायचे आहे त्याच्याच समोर येणे, हेच या माध्यमाचे खरे बळ आहे.

आपत्तीच्या वेळी तर संदेशाच्या भाषेवर सारे अवलंबून असते. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून मुठा नदीत ३५ हजार क्युसेकहून अधिक विसर्ग झाला आणि पुण्यातील सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी तेथील रहिवाशांची तक्रार होती. पावसाळ्यात विसर्गाचे आकडे समाजमाध्यमांवर फिरत असतात, हे आपण सर्वजण पाहतो; पण ‘इतके क्युसेक’ वाचून तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला काय करायचे ते कळत नाही. ‘पहाटे चारनंतर पाणी वाढेल, अमुक सोसायट्यांनी गाड्या आताच मुख्य रस्त्यावर न्याव्यात, अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तींना वरच्या मजल्यावर हलवावे, मदतीसाठी हा क्रमांक’ अशी पोस्ट त्याच्या उपयोगाची आहे. ती लिहायची तर पाटबंधारे विभागाचा आकडा, महापालिकेचा नकाशा आणि सोसायट्यांच्या अध्यक्षांचे व्हॉट्सॲप गट या तिन्हींची सांगड पावसाळ्यापूर्वीच घातलेली असावी लागते. आयत्या वेळी ते जमत नाही.

योजनांच्या बाबतीतही हेच घडते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून २०२४ च्या अखेरीस जाहीर झाली, तेव्हा अर्जाची मुदत १५ जुलै होती. काही दिवसांतच ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली आणि अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले. या काळात जुन्या अटींचे फलक आणि नव्या अटींचे संदेश एकाच गटात एकाखाली एक फिरत होते, आणि बायका दाखल्यांसाठी सेतू केंद्रासमोर रांगेत उभ्या होत्या. अशा वेळी प्रत्येक तहसील कार्यालयाच्या पानावर वर तारीख घातलेली एकच पोस्ट हवी, जुनी पोस्ट काढून टाकलेली हवी आणि मजकूर साध्या अक्षरांत टाइप केलेला हवा. शासन निर्णयाच्या तिरक्या स्कॅनचे छायाचित्र टाकले, तर मोबाइलवर मजकूर वाचून दाखवणाऱ्या सोयीवर विसंबणाऱ्या अंध व्यक्तीला त्याचा काही उपयोग होत नाही आणि शोधूनही ते सापडत नाही.

सामाजिक संस्थांकडे वळताना मला अधिक कठोर व्हावेसे वाटते, कारण ही माझी माणसे आहेत. दप्तरवाटपाच्या छायाचित्रात मुलांना बॅनरमागे उभे करून दप्तर छातीशी धरायला लावले जाते. गावाचे नाव, शाळेचे नाव, कधी कधी ‘आईवडील नसलेली मुले’ असा उल्लेखही खाली असतो. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ही मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हाही ते छायाचित्र तिच्या नावासह सापडेल, एवढा विचार आपण करायलाच हवा.

अभिनेते आमिर खान यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा त्यांच्या चित्रफितींत गावकरी टिकाव-फावडे घेऊन समतल चर खोदताना दिसत होते आणि चर कसा आखायचा हेही त्यांत शिकवले होते. पाहणाऱ्याला त्या माणसांची कीव येत नव्हती, त्यांच्याकडून काही शिकता येत होते. दूरचित्रवाणी आणि आमिर खान यांचे नाव छोट्या संस्थेकडे नसते, हे खरे आहे. परंतु गावातल्या माणसाला काम करणारा म्हणून दाखवायला पैसे लागत नाहीत.

पैशाचा प्रश्न आहेच. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना पानांपेक्षा प्राधान्य देण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर पैसे भरून पोस्ट बूस्ट करण्याचा, म्हणजे ती अधिक लोकांना दाखवून घेण्याचा, दबाव वाढत गेला. तोच निधी प्रश्नांना उत्तर देणाऱ्या कार्यकर्तीच्या मानधनावर खर्च करावा, असे मी संस्थांना सुचवतो. त्यावर बहुतेकदा एकच अडचण पुढे येते, की देणगीदार अहवालात किती लोकांपर्यंत पोहोचलात हाच आकडा मागतात. म्हणून कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) विभागांत काम करणाऱ्या माझ्या वाचकांना विनंती आहे, की पुढच्या आर्थिक वर्षाच्या अहवालाच्या नमुन्यात तीन रकाने वाढवा: किती प्रश्न आले, किती दिवसांत उत्तर दिले आणि किती जणांचे काम झाले.