आधी पाला साठवा, मग डबा घ्या

घरच्या घरी खत करण्याचा विषय निघाला की पहिली शंका वासाची येते आणि दुसरी डब्याच्या किमतीची. माझ्या मते या दोन्ही शंकांचे उत्तर वाळलेल्या पाल्यात आहे, आणि तो फाल्गुन-चैत्रात नागपूरच्या रस्तोरस्ती फुकट पडलेला असतो. आपण मात्र त्याचे ढीग करून पेटवून देतो.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात पाणी व नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, तर सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे साधारण 25 ते 30 भाग कर्ब (कार्बन) लागतो. तो कर्ब पाला पुरवतो, शिवाय थरांमध्ये हवाही खेळती ठेवतो. नुसती देठे आणि साली साचत गेल्या की हवा कोंडते आणि कुजकट वास सुटतो. भांडेवाडीच्या कचरा डेपोत गेलेल्या शहराच्या ओल्या कचऱ्याचेही ढिगाखाली हेच होते, त्यातून मिथेन निघतो. म्हणून कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच चुरलेला पाला घालावा. महागड्या संचाची गरज नाही, बुडाला आणि बाजूंना छिद्रे पाडलेली जुनी बादली पुरते.

पाल्याची दोन-तीन पोती उन्हाळ्यातच भरून कोरड्या जागी ठेवावीत, कारण खरी गरज जुलै-ऑगस्टमध्ये पडते आणि तेव्हा बाहेरचा सगळा पाला भिजलेला असतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे गेला की उलट अडचण येते: बादली सुकते आणि कुजण्याची क्रियाच थांबते. ती सावलीत ठेवून वरून पाणी शिंपडावे. मूठभर मिश्रण घट्ट आवळल्यावर जेमतेम एखादा थेंब निघाला, तर ओल योग्य आहे असे समजावे. संत्र्याच्या साली बारीक चिरूनच टाकाव्यात, अख्ख्या साली फार दिवस तशाच राहतात. सावजी रश्श्याची तर्री मात्र बादलीत नकोच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बादली आहे म्हणून अन्न टाकायला मोकळीक मिळत नाही, रात्रीच्या भाताची खरी जागा सकाळच्या फोडणीतच आहे. तरीही कोथिंबिरीची पिवळी पडलेली अख्खी जुडी स्वतःच्या हाताने बादलीत टाकावी लागते, तेव्हा पुढच्या खेपेला गोकुळपेठेच्या बाजारात हात आपोआप आखडतो. कचरागाडीत टाकलेली जुडी डोळ्यांआड होते, त्यामुळे तिचे काहीच वाटत नाही.

दोन-तीन महिन्यांनी मिश्रण काळसर, भुसभुशीत झाले आणि मूळ कचरा ओळखू येईनासा झाला की चाळून कुंड्यांना घालावे. चाळणीत उरलेला जाडाभरडा भाग पुढच्या बादलीच्या तळाशी टाकावा. त्यातल्या जिवाणूंमुळे ती लवकर सुरू होते.