गाडीवरची पक्ष्याची शीट: टूथपेस्ट, लिंबू आणि सोड्याच्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पक्ष्याची शीट गाडीवर पडली तर लगेच हात लावू नका, वाळू द्या, मग खरवडली की अलगद निघते. शिटेतल्या आम्लाने रंग जळतो, म्हणून खायच्या सोड्याची पेस्ट लावून आम्ल मारा. तरी डाग राहिला तर टूथपेस्टवर लिंबू पिळून पाच मिनिटं घासा आणि वरून खोबरेल तेलाचा हात फिरवा, 'डाग कायमचा गायब'. सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावतात तो कडक संरक्षक थर) असेल तर काळजीच नको.

मी सोलापुरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतो. या उन्हाळ्यात असं घासून धुरकट झालेली बोनेटं माझ्याकडे आली, त्यातलं एक जुळे सोलापूर भागातल्या एका निवृत्त काकांच्या नव्या काळ्या गाडीचं. मेसेज पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण नुकसान होतं ते होतंच.

'वाळू द्या' हा सल्ला सगळ्यात घातक, म्हणून त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो. आजच्या गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, आम्ही त्याला क्लिअर म्हणतो. तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42च्या वर जातो, तेव्हा काळ्या बोनेटला हात लावला तर चटका बसतो. त्या उष्णतेने क्लिअर किंचित मऊ होतो, फुगतो. संध्याकाळी गार होताना तो आकसतो आणि वर वाळून कडक झालेल्या शिटेचा खडबडीत ठसा घेऊन बसतो. ऑटोग्लिम या ब्रिटिश पॉलिश कंपनीच्या तपासणीत डागाचं मुख्य कारण म्हणून हेच पुढे आलं होतं. म्हणजे शीट वाळण्याची वाट पाहणं म्हणजे डाग पक्का होण्याची वाट पाहणं. संभाजी तलावाजवळ किंवा कडुनिंबाखाली रात्री गाडी लावली असेल तर सकाळी ऊन चढायच्या आत ती बघायला हवी.

आणि खरवडणं? कबुतरं दाणे दळायला बारीक खडे गिळतात. शिटेत खडे असतात, बियांची टरफलं असतात. नखाने, पट्टीने किंवा कोरड्या फडक्याने ती ओढली की पॉलिश पेपर फिरवल्यासारखे ओरखडे उठतात. शिवाय कोरड्या शिटेची धूळ नाकातोंडात जाते, तीही चांगली नाही.

आता आम्ल आणि सोडा. पक्षी वेगळी लघवी करत नाहीत. शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल, आणि ते पाण्यात फार कमी विरघळतं. इतपत मेसेज चुकीचा नाही. पण रंग बिघडवणारं ते एकटं नसतं. इराणी संशोधकांनी 2009 साली क्लिअरवर खरी शीट आणि पॅनक्रिएटिन नावाचं पाचक विकरांचं (एन्झाइमचं) मिश्रण, दोन्ही लावून पाहिलं. परिणाम सारखेच आले. शिटेतली पाचक विकरं क्लिअरची रासायनिक साखळी तोडतात, तुटलेला भाग पाण्याबरोबर निघून जातो आणि बारीक खळगे उरतात. ठसा म्हणा किंवा खळगा म्हणा, सोडा टाकून तो भरत नाही. उलट न विरघळलेले सोड्याचे कण घासले जातात.

टूथपेस्टचं मात्र नीट सांगायला हवं, कारण तिचा थोडा गुण येतो आणि त्यामुळेच लोकांचा विश्वास बसतो. तिच्यात सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी असते. ती क्लिअर झिजवते, म्हणून उथळ डागाची कड पुसट होते. पण ती भुकटी दातांसाठी बनवलेली आहे, क्लिअरसाठी नाही. काकांच्या बोनेटवर मूळ डाग रुपयाएवढा होता, घासल्यावर धुरकट वर्तुळ बशीएवढं झालं. "दादा, पांढऱ्या गाडीवर तर छान जमलं होतं," काका म्हणाले. पांढऱ्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत, इतकाच फरक. त्यात लिंबू म्हणजे पुन्हा आम्लच. त्याचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो. आधीच्याच ओळीत आम्ल मारायला सांगणारा मेसेज इथे आम्ल लावायला सांगतो.

खोबरेल तेलाने खळगे तात्पुरते भरतात, प्रकाश विखुरत नाही आणि डाग दिसेनासा होतो. व्हिडिओतली जादू ती हीच. दोन वेळा शाम्पूने धुतलं की डाग पुन्हा तिथेच, आणि दरम्यान तेलावर धूळ चिकटलेली.

सिरॅमिक कोटिंग किंवा वॅक्स असेल तर पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो, इतकंच. कोटिंगवरही ठसा उठतो.

मग करायचं काय? गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या. मऊ कापड ओलं करून शिटेवर दहा मिनिटं पसरून ठेवा. युरिक आम्ल सहज विरघळत नाही, पण भिजलं की सुटं होतं. सोलापुरात घरोघरी टॉवेल असतात, भिजवायला जुना टॉवेल चालेल, पण राठ झालेल्या टॉवेलने घासू नका. शीट चिमटीत धरल्यासारखी उचला, उरलेल्यावर गाडीचा शाम्पू टाकून पुन्हा भिजवा, शेवटी स्वच्छ मायक्रोफायबरने टिपा. अर्धा लिटर पाणी पुरतं, नळाला पाणी नसलं तरी हे जमतं. बोअरचं पाणी वापरलं तर ते गाडीवर वाळू देऊ नका, क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

एवढं करूनही डाग राहिला तर त्यावरून हलकेच नख फिरवा. नख अडकत नसेल तर बारीक पॉलिश फोमच्या पॅडवर घेऊन, तेवढ्याच जागेवर, हलक्या हाताने फिरवा आणि फरक दिसला की थांबा. पॉलिश म्हणजे आजूबाजूचा क्लिअर खळग्याच्या तळापर्यंत उतरवणं. तो उतरलेला परत येत नाही, म्हणून दर महिन्याला हे करू नये. नख अडकलं तर घरी काहीच करू नका. रंगकाम करणाऱ्याला आधी थराची जाडी मोजायला सांगा, तो न मोजता बफिंग मशीन लावत असेल तर गाडी परत घेऊन या.

काकांच्या बोनेटवर दोन तास काम करून मी धुरकटपणा काढला. मूळ डागाची कड तिरक्या उन्हात अजून दिसते. त्यासाठी आणखी क्लिअर उतरवायला मी नकार दिला. आता त्यांच्या गाडीच्या दाराच्या कप्प्यात पाण्याची बाटली आणि एक धुतलेलं मऊ फडकं असतं.